नाना-आईस, तळ्यावरच्या बंदुकीविषयी

धुळे, रविवार रात्र

तीर्थरूप नाना आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

काकांच्या शेततळ्यावर मासे खाणाऱ्या पाणकावळ्यांवर बंदूक चालवतात, त्यावरून परवा फोनवर झालेलं बोलणं अर्धवट राहिलं. नाना, तुम्ही काही न बोलता फोन आईच्या हातात दिलात, तेव्हाच तुम्ही दुखावलात हे कळलं. माझा आवाज चढला, ते चुकलं. पण जे बोलले ते मागे घेता येत नाही, म्हणून नीट लिहिते.

आज पहाटे नेहमीप्रमाणे नकाणे तलावावर गेले होते. पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या बाभळीवर नऊ पाणकावळे पंख पसरून बसले होते. वहीत आकडा लिहिताना दिवाळीतला तो पक्षी आठवला आणि पुढचं मोजणंच झालं नाही.

नाना, तुम्ही तेव्हा केळीला पाणी द्यायला गेला होतात. काकांच्या पोराने शेततळ्याच्या बांधावरून छऱ्याची बंदूक चालवली. पाणकावळा मेला नाही. एक पंख लोंबत होता, तरी तो बुडी मारायचा, चार हात पुढे निघायचा, पुन्हा बुडायचा. दमून तळ्याच्या प्लास्टिकच्या अस्तराच्या कडेला लागला तेव्हा मी ओढणीत धरला. चोचीच्या टोकाच्या आकड्याने त्याने माझा अंगठा फोडला, त्याचा वण अजून आहे. इतक्या जवळून मी त्याचे पाय पहिल्यांदा पाहिले. चारही बोटं एकाच पडद्याने जोडलेली, काळी, ओली. घाबरून त्याने माझ्या मांडीवर तीन मासे ओकले. आई धावत आली आणि म्हणाली, "त्याले पानी पाज आधी." आम्ही दोघी ओसरीवर बसून होतो. तासाभराने मान टाकली त्याने.

ते तीन मासे मी धुऊन पाहिले होते. दोन चिलापीची (तिलापिया माशाची) पिल्लं, आणि एक आपल्या रोहूची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लू. तुमचं नुकसान खोटं आहे असं मी म्हणत नाही. रेल्वेच्या फंडातले पैसे तुम्ही काकांच्या शेततळ्यात घातलेत, आणि प्रत्येक बोटुकली तुम्हाला त्या पैशासारखी दिसते, हे मला समजतं. भुसावळ-जळगावची माणसं रविवारी गळ घेऊन येतात, मासा लागला नाही तर पुढच्या खेपेला येत नाहीत, हेही खरं. पण ती चिलापी कोणी सोडली नव्हती, नाना. ती आपोआप वाढते आणि रोहू-कटल्याची ढेप खाते. तिला खाणारा पक्षी तुमचा सगळाच तोटा करतो असं म्हणता येणार नाही. आणि श्रावणात तीन दिवस आभाळ झाकलेलं होतं, तेव्हा पहाटे मासे वर तोंड काढून हवा घेत होते आणि उजाडल्यावर पांढरी पोटं तरंगत होती. सगळ्यात मोठं नुकसान त्या दिवशी झालं. पाण्यातला प्राणवायू संपला होता. तिथे एकही पाणकावळा नव्हता.

इंग्लंडमध्ये गळाने मासे धरणाऱ्यांच्या तलावांवर हाच तंटा कितीतरी वर्षं चालला आहे. तिथे सरकारी परवाना काढून ठरावीक पाणकावळे मारता येतात. २००४ साली ती मर्यादा वर्षाला ३,००० पर्यंत वाढवली होती. तरी भांडण मिटलं नाही, कारण तळ्यात मासे आहेत तोवर मारलेल्याच्या जागी दुसरा पक्षी येतो. आपल्याकडे तर असा परवाना कोणी काढलेलाही नाही. छऱ्याची बंदूक विकत घ्यायला परवाना लागत नाही, म्हणून ती पाखरावर चालवायची मुभा आहे असा काकांचा समज आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पाणकावळाही येतो. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे काकांना तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर "शिकलेली पोरगी धमकी देते" असं होईल.

नाना, पाणकावळा मला तुम्हीच दाखवलात. लोको शेडची रात्रपाळी करून तुम्ही झोपायच्या ऐवजी मला लुनावर पुढे बसवून हतनूरला न्यायचात. धरणाचे दरवाजे मोजायला लावायचात, ४१ पूर्ण झाल्याशिवाय भजी मिळायची नाहीत. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर तुम्ही गळाला कणकेचा गोळा लावून बसलात की तुमच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, पाणकावळेही मासे धरत असायचे. "याच्या पंखात पाणी शिरतं, म्हणून वाळवत बसतो. तेवढंच अंग जड होतं आणि खोल बुडी मारता येते," हे तुम्ही सांगितलेलं मी आज शाळेतल्या मुलांना सांगते. तेव्हा तुम्हाला एखाद्या दिवशी एकही मासा लागायचा नाही. त्यावरून तुम्ही कधी पक्ष्याला शिवी दिलेली मला आठवत नाही.

आता कामाचं. पाणकावळ्याला पाण्यावर उतरायला आणि उडायला धावपट्टीसारखी मोकळी जागा लागते. तळ्याच्या ज्या भागात बोटुकली असते, त्या अर्ध्या भागावर नायलॉनच्या दोऱ्या थोड्या थोड्या अंतरावर ताणू, चमकीच्या पट्ट्या बांधू. गळवाल्यांचा भाग मोकळा ठेवू, म्हणजे दोरीत गळ अडकायचा नाही. माशांना लपायला बाभळीच्या फांद्या टाकायच्या नाहीत, काट्याने प्लास्टिक फाटेल. ठिबकचे जुने पाइप गोठ्यात पडलेत, त्यांचे तुकडे मोळी बांधून तळाशी सोडू, लहान मासे आत शिरतात. आणि पुढच्या वेळी माशांचं बी बोटभर घेऊ नका, वीतभर घ्या. महाग पडतं, पण छोट्या पाणकावळ्याला ते सहज गिळता येत नाही. नुकसान शून्य होईल असं मी म्हणत नाही, पण कमी होईल, आणि पोराच्या हातात बंदूक राहणार नाही. मला त्या पोराचीही काळजी वाटते. पक्षी पाण्यात धडपडत होता तेव्हा तो हसत नव्हता. घाबरला होता, आणि बंदूक खाली ठेवायची तर लाज वाटत होती.

आई, तू म्हणालीस, घरातलं भांडण घरात ठेव. मी ठेवेन. पण पुन्हा गोळी चालली तर मी वनखात्याच्या कार्यालयात जाईन, काकांचं नाव असलं तरी. हे तुमच्यापासून लपवून करायचं नाही म्हणून आधीच लिहिते. तशी वेळ येऊ नये, एवढीच इच्छा आहे. तळ्यावर काका ऐकतात ते फक्त नानांचं.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते. दोरी आणि पट्ट्या इथूनच घेते, माझ्या पैशाने. नाना, तेवढं करा, मी यायच्या आधी बंदूक काकांकडून आणून आपल्या लोखंडी कपाटात ठेवा. आई, भरताची वांगी आणून ठेव. भाजायचं काम माझं. गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुमची,
ताई