त्वचेचा कर्करोग परकराच्या नाडीखालीही शोधा

संपादक महोदय,

उन्हाळ्यात त्वचेच्या कर्करोगावर जे छापून येते, त्यात बहुधा गोऱ्या पाठीवरचा वेडावाकडा तीळ आणि सनस्क्रीन एवढेच असते. आपल्याकडे हा आजार मुळात कमी, आणि होतो तो बरेचदा भलत्याच जागी.

त्याचे मुख्य प्रकार तीन: बेसल सेल, स्क्वेमस सेल आणि मेलॅनोमा. बेसल सेल प्रकार बहुतेकदा चेहऱ्यावर, नाकाशेजारी किंवा डोळ्याच्या कोपऱ्यापाशी येतो. कड मोत्यासारखी चकाकते, मधली खपली पडते, रक्त येते, पुन्हा खपली धरते. सावळ्या त्वचेवर तो काळपट दिसतो, म्हणून तीळ समजून राहून जातो. इतरत्र क्वचितच पसरतो, पण नाक, पापणी पोखरतो.

स्क्वेमस सेल प्रकार जुन्या भाजल्याच्या व्रणावर, वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेवर आणि कमरेला, नाडी काचते त्या रेषेत होतो. मुंबईच्या डॉ. व. रा. खानोलकरांनी १९४५ मध्येच धोतरामुळे होणाऱ्या अशा कर्करोगाची नोंद केली होती; साडी-परकराचेही तेच. आधी कातडी काळी, जाड होते, खाजते, भेगाळते. नाडी सोडून रुंद, सैल पट्टा वापरायची वेळ हीच. पुढे कड बाहेर उलटलेली, बूड कडक अशी जखम होते. जांघेत गाठ लागली तर रोग पसरल्याची शंका घ्यावी. ४ आठवड्यांत न भरलेल्या जखमेचा तुकडा तपासावाच, आणि तोही कडेचा. मधला मेलेला भाग घेतला तर अहवालात ‘फक्त दाह’ येतो आणि सगळे निर्धास्त होतात!

मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग, दुर्मीळ, पण तिघांत सर्वांत घातक. आपल्याकडे तो तळव्यावर किंवा नखाखाली सापडतो आणि कुरूप समजून त्यावर कॉर्न कॅप चिकटवल्या जातात. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर काळ्या रेघा असतात, त्यांची चिंता नको. प्रौढ वयात एकाच नखावर नव्याने आलेली, रुंदावत जाणारी, नखाच्या मुळाशी कातडीतही उतरलेली रेघ मात्र दाखवावी. मार लागून साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते. मेलॅनोमाची रेघ तशी सरकून जात नाही, मुळापासून टोकापर्यंत राहते.

मेलॅनोमाचा उपचार ठरतो तो त्याच्या मिलिमीटरमधल्या जाडीवरून. म्हणूनच बदलता तीळ पार्लरमध्ये काय, दवाखान्यात काय, जाळू नये. जळालेल्या तिळाची जाडी मोजणार कशी? तो भोवतालच्या सुमारे २ मिमी निरोगी कातडीसह पूर्ण काढून १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) तपासणीला पाठवावा. सलाइनमध्ये टाकलेला तुकडा प्रयोगशाळेत पोचेपर्यंत खराब होतो.

— एक त्वचारोगतज्ज्ञ आणि एक पॅथॉलॉजिस्ट