वेबसाइटला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे

देवगड,
नोव्हेंबर अखेर

चि. मंदार यास आईचे अनेक आशीर्वाद.

आपल्या आंब्यांच्या वेबसाइटची तू पाठवलेली लिंक उघडून पाहिली. आधी माझ्या मोबाइलवर, मग शेजारच्या मुलीच्या लॅपटॉपवर. देखणी झाली आहे, यात वाद नाही. पण वरच जो मोठा आंबा लावलायस तो आपला नाही. आपल्या तालुक्यातला नाही, आणि मला वाटतं या देशातलाही नसावा. एवढे लालबुंद गाल हापूसला कुठून येणार? बाबांनी चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, “ह्यो आंबो खयचो?” हापूस पिकला की केशरी-पिवळा होतो, साल पातळ पडते, देठाजवळचा खांदा भरतो, आणि खरा तयार झाला की सालीला बारीक सुरकुती धरते. शहरातली नवी गिऱ्हाइकं ती सुरकुती बघून आंबा खराब झाला म्हणून फोन करतात. म्हणजे सुरकुतलेल्या आंब्याचाच फोटो हवा, आणि खाली लिहायला हवं की हा आज कापा. फोटो सीझनमध्ये मी काढून पाठवीन, सकाळच्या उन्हात, गवतावर ठेवून. तोवर ती जागा रिकामी ठेव, नाहीतर झाडाचा लाव.

आता मुद्द्याचं. तू पानापानावर ‘ऑर्डर करा’ असं हिरवं बटण ठेवलंयस. ते बंद कसं करायचं, हे मला आधी दाखव. विकण्याचं काम मला येतं. इतकी वर्षं फोनवर मी मुख्यतः नाही म्हणत आले आहे. या आठवड्यात आंबा नाही. दिल्लीला नाही पाठवत. अक्षय्य तृतीयेला हवा असेल तर आज सांगून उपयोग नाही. अडीचशे ग्रॅमच्या वरचं फळ संपलं, दोनशेचं चालेल का? गिऱ्हाईक क्षणभर नाराज होतं आणि पुढच्या वर्षी परत येतं. वेबसाइट रात्री दोन वाजताही ऑर्डर घेणार, तेव्हा मी झोपलेली असणार. माझ्या मागे तिला नाही म्हणता आलं पाहिजे.

कसं, ते सांगते. पहिलं पिनकोडचं. तू लिहिलंयस, ‘संपूर्ण भारतात घरपोच’. पुण्या-मुंबईच्या पेट्या आपण रात्रीच्या गाडीनं पाठवतो, सकाळी पोचतात. त्यापुढे कुरिअरचे किती दिवस लागतील आणि मे महिन्याच्या उन्हात पेटी कुठल्या गोदामात पडून राहील, यावर आपला काही हात नाही. ज्या पिनकोडला पेटी धड पोचेल अशी आपली खात्री आहे तेवढेच यादीत घाल. बाकीच्यांचा पिनकोड टाकला की पैसे घेण्याच्या आधीच सरळ उत्तर यायला हवं. पैसे घेऊन मग परत करण्यात माणूस दुखावतो, आणि त्यात आपलाही खर्च होतो.

दुसरं, रोजची मर्यादा. कारखान्यासारखा हवा तेवढा माल रोज आपल्याला काढता येत नाही. सोळापैकी चौदा आणे तयार झालेलं फळ बघून, झेल्यानं (जाळी लावलेल्या काठीनं), देठासकट काढायचं, कारण देठ तुटला की चीक सालीवर उतरतो आणि पिकल्यावर तिथे काळा डाग पडतो. मग वजनानं लावायचं, गवत घालून पेटी भरायची. हे करणारी माणसं मोजकी आहेत, आणि सगळे बागायतदार त्यांच्याच मागे असतात. मी रोज सकाळी मोबाइलवरून ‘आज इतके डझन’ एवढा एकच आकडा भरीन. तो संपला की बटण आपोआप विझलं पाहिजे. एवढं झालं तरी मी म्हणेन वेबसाइट चांगली आहे, मग तिचा रंग काहीही असो.

तिसरं, भाव. फेब्रुवारीतला भाव आणि मेमधला भाव यांचा एकमेकांशी संबंध नसतो, हे तुला माहीत आहे. आपण पेटी वाशीच्या बाजारात दलालाकडे पाठवायचो तेव्हा पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात येईपर्यंत आपल्यालाच भाव कळायचा नाही. आता भाव आपण ठरवतो म्हणून तर हा खटाटोप. तेव्हा किंमत बदलायला तुला पुण्याला फोन करावा लागणार असेल तर वाशीचा दलाल जाऊन तू दलाल झालास, एवढाच फरक. (रागावू नकोस.) डझनाचा भाव फळाच्या वजनाप्रमाणे वेगळा लाव, आणि वजनाच्या शेजारी ‘पेटी भरतानाचं’ हे शब्द घाल. आढीत (गवतात पिकत घातल्यावर) किंवा घरी पिकताना फळाचं पाणी उडतं, वजन थोडं उतरतं. दरवर्षी एखादा तरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर आंबा ठेवून आपल्याला फोटो पाठवतो.

‘कार्बाइडमुक्त’ अशी जी मोठी पट्टी टाकलीयस ती काढ. कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला आपल्या देशात कायद्यानंच बंदी आहे. दूधवाल्यानं ‘आमच्या दुधात युरिया नाही’ असा फलक लावावा, तसं दिसतं ते. त्याऐवजी आपण काय करतो ते लिही: फळ हिरवं भरतो, भाताच्या गवतात, ते तुमच्या घरी पिकेल, घाई असेल तर आमच्याकडून घेऊ नका. पेटी आली की उघडा, फळं काढून कागदावर किंवा गवतावर एका थरात पसरा, फ्रिजमध्ये पिकण्याआधी ठेवू नका. हे सगळं मी चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकतेच. त्याचं एक पान कर. माझ्या अंदाजानं सगळ्यात जास्त तेच पान वाचलं जाईल.

साक्याबद्दल मात्र तू काहीच लिहिलेलं नाहीस, आणि गोंधळ तिथेच होणार आहे. बाहेरून सुंदर दिसणारा आंबा आत पांढरट, स्पंजासारखा निघतो. बाहेरून ते आपल्याला दिसत नाही आणि गिऱ्हाइकालाही नाही. जुन्या लोकांना मी सांगते, कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, पुढच्या पेटीत तेवढी फळं जास्त घालते, आणि तिथे विषय मिटतो. पण वेबसाइटवरून येणारा माणूस कदाचित एकदाच घेणार, त्याला पुढच्या पेटीचं आश्वासन देऊन काय उपयोग? त्याला तेवढ्या फळांचे पैसे परत. पेटी मिळाल्यापासून किती दिवसांत कळवायचं, फोटो कसा हवा, हे साध्या मराठीत लिही. तुझ्या मसुद्यातलं पान कुठल्या तरी कपड्यांच्या दुकानाचं उचललेलं दिसतं. ‘टॅग न काढता परत करावे’ असं आहे त्यात! तसंही २०२० चे ई-कॉमर्सचे जे ग्राहक संरक्षण नियम आहेत त्यांत विकणाऱ्याचं नाव, पत्ता, पैसे परत करण्याची रीत आणि तक्रार कोणाकडे करायची ते दाखवावंच लागतं. तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायची. सीझनमध्ये ४८ तास म्हणजे फार नव्हेत, तेव्हा हे लक्षात ठेवूनच मर्यादा ठरवू.

ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, आणि शेतकऱ्याला स्वतःच्या मालासाठी अन्नसुरक्षेचा परवाना लागत नाही. पण आंबापोळी आणि डब्यातला रस तू त्याच यादीत टाकलायस, ती प्रक्रिया झाली. त्याला अन्नसुरक्षेचा चौदा आकडी नंबर लागतो. तो हातात येईपर्यंत ती दोन्ही चित्रं काढून ठेव.

‘अस्सल देवगड’ हे शब्द सगळेच वापरतात, कर्नाटकातला आंबाही याच नावानं पेटीत बसतो, मग आपण ओरडून काय होणार? हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. बाबांची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद आहे, त्या दाखल्याचा फोटो लाव. बागेचा नकाशावरचा ठिपकाही दे. सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं.

साइटच्या नावाचं तू विचारलं होतंस. त्यात ‘हापूस’ घालू नको, उद्या पावसाळ्यात कोकम आगळ विकायचं ठरलं तर अडचण होईल. ‘देवगड’ही नको, आपल्या तालुक्याचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक जण वेगळं करतो आणि माणूस भलत्याच साइटवर पोचतो. बहुतेकांच्या मोबाइलमध्ये मी ‘आंबेवाल्या काकू’ म्हणून सेव्ह आहे. त्याच्या आसपास काही जमतं का बघ. देवनागरीतलं डॉट भारतचं नावही मिळतं म्हणे, २०१४ पासून. मला ते आवडेल, पण अमेरिकेतल्या भाचरांना टाइप करता यायचं नाही, तेव्हा मुख्य नाव डॉट इन घे आणि परवडलं तर मराठीही घेऊन ते इकडे वळव.

आणि ते नाव बाबांच्या नावावर घे. तुझ्या नाही, तुझ्या त्या डिझायनर मित्राच्या तर नाहीच. इथल्या एका बागायतदारानं ओळखीच्या मुलाकडून साइट करून घेतली. मुलगा भला, पण नाव त्याच्या खात्यावर, मेल त्याचा, पासवर्ड त्याच्याकडे. तो नोकरीसाठी परदेशी गेला, नूतनीकरणाच्या सूचना कोणी न बघणाऱ्या मेलवर येत राहिल्या आणि ऐन सीझनच्या तोंडावर नाव सुटलं. पेट्यांवर तेच छापलेलं होतं! पहिल्या वर्षी स्वस्त मिळतं आणि नूतनीकरणाला महाग पडतं, असंही ऐकलंय. तेव्हा पुढच्या वर्षाचा आकडा बघून घे. सगळे पासवर्ड एका कागदावर लिहून इकडे पाठव, मी कपाटात ठेवीन.

दुकान दर महिन्याच्या भाड्यानं मिळतं तसं ते शॉपिफाय आहे ना? आपला धंदा तीन-चार महिन्यांचा, भाडं बारा महिन्यांचं. तू दुसरं सांगितलं होतंस ते वर्डप्रेस फुकट असलं तरी त्याचं होस्टिंग (साइट ठेवायची जागा) आणि वेळोवेळी करायचे अपडेट्स कोणी तरी बघायला लागतात, आणि ते कोणी तरी म्हणजे तू. भरल्या सीझनमध्ये ऑफिस सांभाळून करशील का, हे तू ठरव. मला दोन्हीत फरक नाही, फक्त वर्षाचा एकूण खर्च लिहून पाठव. त्यात ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या गेटवेचे टक्केही धर. साध्या यूपीआयवर बँकेचं शुल्क नसतं, कार्डावर साधारण दोन टक्के आणि त्या फीवर जीएसटी जातो. पैसे आल्याचं बँकेत दिसल्याशिवाय पेटी हलणार नाही. स्क्रीनशॉटवर माझा विश्वास नाही. मागे एकानं ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका’ म्हणून फोन केला होता. पैसे घ्यायला पिन कशाला लागतो, विचारल्यावर फोन ठेवला.

माझी वही आहे ना, लाल पुठ्ठ्याची, त्यात नावापुढे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ‘कोथरूड, तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिन्याखालच्या किराणा दुकानात ठेवणे.’ ‘सूनबाई बाळंत, पुढच्या गाडीनं.’ ‘आजोबांना साखर, एकच डझन, लहान फळ.’ तुझ्या फॉर्ममध्ये जन्मतारीख विचारली आहे, लिंग विचारलं आहे, आमच्याबद्दल कुठे ऐकलं तेही विचारलं आहे. हे सगळं काढ, लोकांची नको ती माहिती आपल्याकडे साठायलाच नको. त्याजागी एक मोठी रिकामी चौकट ठेव: ‘आम्हाला काही सांगायचं आहे?’ आणि ते लिहिलेलं पेटीच्या लेबलवर छापून आलं पाहिजे, मेलमध्ये पडून राहायला नको.

अजून एक जागा हवी, अगदी वर. दर सोमवारी दोन ओळी मी लिहीन. फोन करणारा प्रत्येक माणूस आधी हेच विचारतो: यंदा आंबा कसा आहे? डिसेंबरात थंडी बरी पडली तर मोहोर चांगला येईल, तुडतुडा (मोहोरावरची कीड) आला तर तसं लिहू, अवकाळी झाला तर ‘पंधरा दिवस काही नाही’ असंही लिहू. जूननंतर साइट बंद करून टाकू नकोस. बटण विझवायचं आणि ‘पुढच्या वर्षी कळवा’ म्हणून नंबर देण्याची सोय ठेवायची. या दोन ओळी मात्र मराठीतच, आणि मला मोबाइलवरून टाकता आल्या पाहिजेत. इथे नेट कधी असतं कधी नसतं, तेव्हा फोटो हलके कर. तुझ्या पहिल्या पानाला उघडायला एवढा वेळ लागला की मी मध्ये चहा टाकून आले.

बाबा म्हणतात, पहिल्या वर्षी जुन्या गिऱ्हाइकांना फोनवरच ठेवू, वेबसाइटवर फक्त नवे लोक. मला पटतं. थोड्या पेट्यांत काय काय चुकतं ते दिसेल.

नाताळच्या सुट्टीत येशील तेव्हा लॅपटॉप घेऊन ये. खोटी ऑर्डर देऊन बघू, पैसे परत करूनही बघू.

तुझी,
आई

ता. क. तक्रार निवारण अधिकारी म्हणून तू बाबांचं नाव घातलंयस. ते बदलून माझं घाल, ते फोन उचलत नाहीत.