आधी घोटा दाबून पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर गुडघ्याच्या आणि खुब्याच्या सांधेरोपणाविषयी नियमाने मजकूर येतो. घोट्याच्या वाट्याला मात्र ते पान क्वचितच येते. पाय मुरगळणे आपण दुखण्यात धरतच नाही, हे त्याचे कारण असावे. आंबेहळदीचा लेप, वर घट्ट पट्टी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे 'दोन दिवस पाय टेकू नकोस' एवढ्यावर ते मिटते. या समजुतीची किंमत मी स्वतः मोजली आहे, म्हणून हे पत्र.

गेल्या दोन वर्षांत माझा डावा घोटा दोनदा मुरगळला. पहिल्यांदा सदाशिव पेठेत पदपथावरचा एक सुटलेला पेव्हर ब्लॉक पायाखाली डुगडुगला तेव्हा, आणि दुसऱ्यांदा आमच्याच वाड्याच्या जिन्यात. दोन्ही वेळी ज्या रुग्णालयात गेलो, तेथे डॉक्टरांची गाठ पडण्याआधीच एक्स-रेची चिठ्ठी हातात आली. फिल्म उजेडाला धरून 'फ्रॅक्चर नाही' असे सांगण्यात आले, क्रेप बँडेज आणि तीन आठवडे विश्रांती लिहून मिळाली. पायमोजा काढून घोट्याला बोट लावण्याची गरज दोन्ही वेळी कोणाला वाटली नाही.

एक्स-रे काढूच नये, असे माझे म्हणणे नाही. तो केव्हा काढावा हे ठरवण्याची एक साधी रीत कॅनडातील ओटावा येथे डॉ. इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये मांडली. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या टोकावर, अथवा त्याच्या मागच्या कडेच्या खालच्या 6 सेंटीमीटर भागात दाबल्यावर हाड दुखत असेल, किंवा दुखापत झाल्यावर लगेच आणि पुन्हा तपासणीच्या वेळी, लंगडत का होईना, चार पावले टाकता येत नसतील, तर घोट्याचा एक्स-रे काढावा. पावलाच्या मधल्या भागासाठी अशाच दोन जागा ठरवून दिल्या आहेत. 2003 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा या रीतीतून मोडलेले हाड जवळजवळ कधीच निसटत नाही आणि एक्स-रेची संख्या 30 ते 40 टक्क्यांनी कमी होऊ शकते, असे दिसून आले. अर्थात मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांची जाणीव कमी झाली आहे, त्यांच्या बाबतीत दुखत नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही, आणि आपल्या शहरात अशांची संख्या थोडी नाही. तरीही ज्या तपासणीला अंगठा आणि दोन मिनिटे एवढेच लागते, ती तीस वर्षांनंतरही आपल्याकडे रुग्णाच्या घोट्यापर्यंत पोहोचू नये, याचे नवल वाटते.

एक्स-रेत हाड शाबूत दिसले की प्रकरण संपले असे आपण मानतो, पण दुखापत बहुधा हाडाला झालेलीच नसते. बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे (लिगामेंट), ताणले किंवा फाटले जातात, आणि पाऊल कोणत्या कोनात आहे ही खबर देणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांनाही त्याबरोबर इजा होते, अशी मांडणी फ्रीमन या ब्रिटिश डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 मध्ये केली. तोल साधण्याच्या व्यायामाने घोटा वारंवार दगा देण्याचे प्रमाण घटते, हेही त्यांनी दाखवले. मला हे कळले ते दुसऱ्या दुखापतीनंतर, एका फिजिओथेरपिस्टकडून. त्यांनी दात घासताना डाव्या पायावर उभे राहायला सांगितले आणि ते जमू लागल्यावर डोळे मिटून. पहिल्या दिवशी चार सेकंदांतच मी बेसिनचा काठ धरला. तीन आठवडे सक्तीने बसून राहण्यापेक्षा आधार बांधून लवकर चालते होणे सामान्य मुरगळीत हिताचे असते, असेही त्यांनी सांगितले आणि संशोधनाचा कलही तसाच आहे.

यंत्रशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेल्यामुळे या सांध्याची रचना मला फार आकर्षक वाटते. टॅलस नावाचे जे हाड नडगीच्या खोबणीत बसते, त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही आणि ते पुढे रुंद, मागे अरुंद असते. सुताराच्या पाचरीसारखेच म्हणा ना. पाऊल वर उचलले की रुंद भाग खोबणीत आवळून बसतो; पाऊल खाली झुकले की अरुंद भाग तेथे येतो आणि सांधा सैल पडतो. पर्वतीच्या पायऱ्या चढताना नव्हे, तर उतरताना पाय का मुरगळतो, याचे एक कारण या आकारात आहे.

याच सांध्यावर अभियंत्यांनीही सुरेख काम केले आहे. 2015 मध्ये कॉलिन्स, विगिन आणि सॉविकी यांनी घोट्यावर बांधायचे एक साधन प्रसिद्ध केले, ज्यात मोटारही नाही आणि बॅटरीही नाही. पोटरीला समांतर एक स्प्रिंग आणि पाऊल टेकल्यावर ती अडकवणारा, उचलल्यावर सोडणारा एक छोटा क्लच, एवढेच. त्याने निरोगी माणसाच्या चालण्याला लागणारी ऊर्जा सुमारे 7 टक्क्यांनी कमी झाली. स्प्रिंग फार कडक केली की हा फायदा नाहीसा होतो, हा तपशील मला विशेष भावला.

पण या बहुतेक संशोधनाचा घोटा सपाट जमिनीवर बूट घालून चालणारा आहे. आपला घोटा उकिडवा बसतो, चूल फुंकतो, भाजी निवडतो, अनवाणी वारीला जातो. रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट हा कृत्रिम पाय घडवला तो नेमक्या याच गरजा डोळ्यांपुढे ठेवून. गुडघ्याच्या उलट, घोट्याची संधिझीज बहुतांशी जुन्या दुखापतीतून उद्भवते, आणि अखेरीस सांधा कायमचा जखडावा लागला तर उकिडवे बसणे जवळपास सुटते. पुण्यात 1944 पासून लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. अभियांत्रिकी महाविद्यालय आणि ससून रुग्णालय यांच्यामध्ये तर जेमतेम एक संगम पूल आहे. पायऱ्या उतरताना आणि उकिडवे बसताना मुरगळलेला घोटा नेमका किती आणि कसा वळतो, हे या संस्थांतील विद्यार्थ्यांनी मिळून मोजावे, आणि ओटावाची रीत सोप्या मराठीत, चित्रासह शहरातील प्रत्येक अपघात विभागाच्या भिंतीवर लागावी, एवढ्या दोन सूचना मी आपल्यामार्फत करू इच्छितो.

मोजणीसाठी कोणी पुढे आल्यास दोनदा मुरगळलेला एक डावा घोटा सदाशिव पेठेत उपलब्ध आहे. दुपारची एक ते चार ही वेळ मात्र सोडून.

आपला,
एक निवृत्त अध्यापक, सदाशिव पेठ, पुणे