मुतखडा आहे, पण कळच येत नाही

मा. संपादक,
नमस्कार. परवाच्या आरोग्य पुरवणीतलं मुतखड्याचं पान वाचलं, चांगलं होतं, पण सगळा भर कंबरेतून जांघेत जाणाऱ्या कळेवर. किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाला ती कळ बहुतेक वेळा येतच नाही हे त्यात नव्हतं, म्हणून लिहितेय.

सासूबाईंनी माझ्या मिस्टरांना किडनी दिली त्याला सात वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात ह्यांना ताप आला, लघवी कमी झाली, दुखत मात्र काहीच नव्हतं. जवळच्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून अंगदुखीची गोळी दिली, आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असल्या गोळ्या ट्रान्सप्लांटवाल्यांनी स्वतःच्या नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्याच नसतात! सोनोग्राफीला गेलो तर तिथला मुलगा पाठीकडूनच बघायला लागला, मीच म्हटलं अरे नवी किडनी पुढे, खाली उजवीकडे आहे, मागे आहेत त्या जुन्या दोन आक्रसलेल्या. मग कळलं किडनी सुजलीय, सीटीत ९ मिमीचा खडा, क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) १.३ वरून ४.१.

किडनी बसवताना रक्तवाहिन्या जोडतात, संवेदनेच्या नसा नाही, म्हणून कळ नाही. आणि काम करणारी किडनी एकच, ती तुंबली की सांभाळून घ्यायला दुसरी नाही, त्यात प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली, म्हणजे इन्फेक्शन भराभर पसरतं. क्रिएटिनिन वाढलं की सगळ्यांना आधी रिजेक्शनच, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारणंच आठवतं, खडा मागे राहतो.

ह्यांना त्याच रात्री पोटातून बारीक नळी घालून लघवी बाहेर काढली, अँटिबायोटिक्स दिली, क्रिएटिनिन उतरल्यावर काही दिवसांनी त्याच वाटेने दुर्बीण घालून खडा फोडून काढला. नवी किडनी कातडीच्या जवळ असते म्हणून ही वाट सोपी पडते, उलट मूत्राशयातून दुर्बीण वर नेणं अवघड, कारण नव्या किडनीची मूत्रनळी मूत्राशयाला वेगळ्या जागी जोडलेली असते. छोट्या खड्यावर नुसतं लक्ष ठेवतात, काहींना बाहेरून शॉकवेव्हनेही फोडतात.

आमच्या सोसायटीत कुणी पानफुटी सुचवली, कुणी काढा. प्रेमानेच सांगतात, पण टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असताना असलं काही परस्पर घेतलं तर रक्तातली औषधाची पातळी बिघडू शकते.

पुढच्या पुरवणीत एवढी चौकट तरी छापा: ट्रान्सप्लांट झालाय आणि ताप आला, लघवी कमी झाली किंवा लाल झाली, तर कळेची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन करा आणि सोनोग्राफी करताना नवी किडनी कुठे आहे ते सांगा.

– एक वाचक, मुलुंड पूर्व