तुमची सातव्या मात्रेची बंदिश

खैरागढ, रविवार

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गाणे शिकायला गेलेली मुलगी दिवसभर ग्रंथालयात काय करते आणि गाण्याचा प्रबंध म्हणजे लिहायचे तरी काय, असे बाबांनी परवा फोनवर विचारले, तेव्हा मी विषय बदलला, कारण दोन वाक्यांत सांगण्याजोगे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते आता सविस्तर लिहिते. त्यात बाबांकडे मागायची एक गोष्टही आहे.

आई, तुझ्या काळजीचे आधी. महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदियापर्यंत, तिथून गाडी बदलून राजनांदगाव आणि पुढे बस, असा प्रवास नीट झाला. मेसमध्ये भात रोज असतो, भाकरी मात्र नसते.

आमचे वर्ग राजवाड्यात भरतात, हे तुम्हाला मी गंमत म्हणून सांगितले होते, पण ते अक्षरशः खरे आहे. खैरागढच्या राजाराणींनी 1956 साली आपला वाडा संगीतासाठी देऊन टाकला आणि लहानपणीच वारलेल्या इंदिरा या मुलीचे नाव विद्यापीठाला दिले. शेजारच्या काकूंना वाटते तसे ते इंदिरा गांधींचे नाव नव्हे. पंडित श्रीकृष्ण रातंजनकर सुरुवातीच्या काळात इथे कुलगुरू होते. ते संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंडे यांचे शिष्य, त्यामुळे भातखंड्यांची स्वरलिपी, म्हणजे गाणे चिन्हांत लिहून ठेवायची पद्धत, इथे मुळाक्षरांसारखी शिकवली जाते. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चारही भाग भातखंड्यांनी मराठीत लिहिले, गुरू आणि शिष्य यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. माझे सहाध्यायी त्यांचा हिंदी अनुवाद वाचतात आणि शिष्याची एखादी शंका अडली की मूळ मराठीत काय आहे, हे विचारायला माझ्याकडे येतात. त्यापूर्वी 1910 मध्ये भातखंड्यांनी ‘चतुर पंडित’ या नावाने संस्कृत ग्रंथ लिहिला आणि पुढे मराठीत लिहिताना याच चतुर पंडिताचा आधार प्रमाण म्हणून दिला. आज एखाद्या शोधार्थ्याने असे केले, तर मार्गदर्शक त्याचा आराखडा त्याच दिवशी परत करतील!

माझा विषय मात्र या स्वरलिपीच्या पलीकडे सुरू होतो. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकासाठी खाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकासाठी वर टिंब, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, गुणाकाराची खूण आणि ‘खाली’ला, म्हणजे टाळी न देण्याच्या मात्रेला, शून्य, एवढ्या थोडक्या चिन्हांत भातखंड्यांनी शेकडो बंदिशी कागदावर आणल्या. मात्र बागेश्री रागातला गंधार आणि दरबारी रागातला गंधार या दोन्हींखाली तीच आडवी रेघ असते. दरबारीतला गंधार किती उतरलेला आहे आणि तो कसा आंदोलित होतो, ते ती रेघ सांगत नाही. ते गुरूच्या गळ्यातूनच घ्यावे लागते. बंदिश कागदावरून येत नसते, असे बाबा नेहमी म्हणतात. माझे सगळे संशोधन या एका वाक्याची तपासणी आहे, असे म्हटले तरी चालेल. छापलेली बंदिश आणि गायलेली बंदिश समोरासमोर ठेवून काय टिकले, काय बदलले आणि जे बदलले ते चूक म्हणून की परंपरा म्हणून, हे मी पाहते.

या कामात मला घरचीच बंदिश सापडली. बाबांनी मला पहिल्यांदा शिकवलेली यमन रागातली, सोळा मात्रांच्या तीनतालाची बंदिश इथल्या एका जुन्या पुस्तकात आहे, पण तिथे मुखडा, म्हणजे समेवर आणून सोडणारा सुरुवातीचा तुकडा, नवव्या मात्रेपासून, म्हणजे ‘खाली’पासून उठतो, आणि बाबा तो सातव्या मात्रेपासून उचलतात. आधी मला वाटले की माझीच आठवण चुकली. मग दोन्ही तऱ्हा हाताने ताल धरून पुनःपुन्हा म्हटल्या, तेव्हा लक्षात आले की समेवर येणारे अक्षर दोन्हींकडे एकच आहे, स्वरही तोच आहे. बाबांच्या दोन जादा मात्रांत पहिला शब्द फक्त सावकाश उलगडतो. मिरजेला ज्या गुरुजींकडे बाबा कचेरी सुटल्यावर शिकायला जात, त्यांची ही तऱ्हा कुठे छापलेली असेल असे मला वाटत नाही, आणि मला ती प्रबंधात घ्यायची आहे.

रियाजाविषयी खोटे लिहिणार नाही. पहिल्या सहामाहीत वाचन आणि निबंध यांच्या गर्दीत तो तासाभरावर आला होता आणि त्याबद्दल मी येथे बोलणीही खाल्ली. आता पहाटे दोन तास खर्ज आणि पलटे झाल्याशिवाय ग्रंथालयाची पायरी चढत नाही.

आता त्या यमनच्या बंदिशीसाठी बाबांना विनंती अशी की, त्यांनी तंबोरा लावून ती आपल्या नेहमीच्या ‘काळी एक’ पट्टीत फोनवर गाऊन पाठवावी. आवाज आता फिरत नाही, श्वास पुरत नाही, ही कारणे मला चालणार नाहीत, कारण मला ताना नकोत, स्थायी आणि अंतरा हवा आहे, दोनदा, मात्रा हाताने मोजत. आई, फोन तू धर, पंखा बंद कर आणि ते मधेच थांबून काही बोलले तर तेही राहू दे. पुस्तकातल्या पानाचे छायाचित्र मी मुद्दामच सोबत पाठवत नाही. ध्वनिमुद्रण माझ्याकडे पोहोचल्यावर पाठवीन, म्हणजे बाबा त्याबरहुकूम गाणार नाहीत.

तुमची,
ताई