स्लॅब टाकण्याआधी

दुबई

ती. आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

दादाने पाठवलेले सेंटरिंगचे फोटो बघितले. खानापूरचा पाऊस सुरू व्हायच्या आत स्लॅब टाकायची घाई असणार. पण वायरिंगच्या पाइपा एकदा काँक्रीटमध्ये गेल्या की हलवता येत नाहीत, म्हणून वायरमन आला की हे त्याला वाचून दाखवा.

लाइट-पंख्यांची सर्किटं वेगळी ठेवा. एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत, लोड ८०० वॅटच्या आत. तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरेल. माडी आणि खालचं घर एकाच सर्किटवर नको. एकीकडे बिघाड झाला तर दुसरीकडे उजेड राहिला पाहिजे.

दोन हजार वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावूच नका. त्याला डीबीतून, म्हणजे घराच्या मुख्य बोर्डातून, थेट २.५ ची वायर आणि १६ अँपिअरचा सॉकेट हवा. बोअरच्या मोटरलाही स्वतंत्र लाइन.

इथे डीबीतून निघून परत डीबीतच येणाऱ्या ३२ अँपिअरच्या एका रिंगवर पुष्कळ सॉकेट जोडतात. ते चालतं, कारण इथल्या प्रत्येक प्लगात फ्यूज असतो. आपल्या प्लगात तो नसतो, तेव्हा दादाने इथलं बघून तसं करू नये.

आप्पा, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणाऱ्या स्विचवर, पैसे वाचवू नका. एमसीबी, म्हणजे लोड वाढला की पडणारा स्विच, वायर जळू देत नाही, पण माणसाला शॉक बसला तर एमसीबी पडून लाइन तुटेलच असं नाही. आरसीसीबी पावसाळ्यात सारखा पडतो, काढून टाका, असं कुणीतरी सांगेल. ऐकू नका. तो पडतो म्हणजे बहुतेक वेळा ओलीतून कुठेतरी करंट गळतोय. ती जागा शोधायची. कधी दोन सर्किटांचे न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरी, एकत्र बांधल्यानेही तो पडतो. इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल तर मुद्दाम वेगळा ओढायला सांगा.

आपली जमीन जांभ्याची, उन्हाळ्यात पार कोरडी पडते. अर्थिंगच्या खड्ड्यात तेव्हा पाणी घालत राहावं लागेल.

आज्जीच्या खाटेजवळ आणि न्हाणीच्या दाराशी टू-वे स्विच द्या, म्हणजे एकच दिवा दोन्हीकडून लावता येईल. रात्री तिला अंधारात चाचपडत जायला लागू नये.

काँक्रीट ओतायच्या आधी टेप धरून सगळ्या पाइपांचे फोटो दादाला काढायला सांगा, आणि मलाही पाठवा. मी बघून फोन करतो, मगच मिक्सर बोलवा.

आईला नमस्कार.

तुमचा,
धाकटा