ताई, तुम्ही कापलेल्या यादीबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, लिंकचं काय ते सांग" म्हणून विषय बदलता. (लिंक म्हणजे दोन जागांमधली वायरशिवायची नेटची जोडणी.) म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. केबलच्या धंद्यातून वायरलेस इंटरनेटकडे वळलेले माझ्यासारखे आणखी चारजण सध्या कुठेतरी सामानाची यादी करत बसले असतील. त्यांनाही वाचू दे.

ती यादी आठवते ना? चौदा ओळी, त्यातल्या पहिल्या सहा नुसत्या रेडिओच्या, म्हणजे नेट हवेतून पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या डब्यांच्या. सगळ्यात खाली, "इतर किरकोळ" या नावाखाली केबल, अर्थिंग आणि बॅटरी एका ओळीत कोंबलेल्या. मी तुम्हाला ओळखतही नव्हतो. एका डीलरकडे बसलेल्या पोराने नंबर दिला, म्हणाला, "या बाईंनी सांगली-कोल्हापूर भागात बारा वर्षं टॉवर सांभाळलेत, विचारून बघ." मी यादी पाठवली आणि खाली लिहिलं, "यातलं कोणतं घेऊ?" संध्याकाळी उत्तर आलं ते असं: "मास्टच्या जागेवरून चारी दिशांचे फोटो पाठव. कोणत्या महिन्यातले आहेत तेही लिही."

मास्ट म्हणजे रेडिओ आणि डिश चढवायचा उंच खांब. मला वाटलं, बाईंना यादी उघडता आली नसावी.

आमची जागा बाकीच्यांसाठी सांगतो. पाटण तालुक्यात सडावाघापूरचं पठार आहे. पावसाळ्यात कड्यावरून पडणारं पाणी वाऱ्याने परत वर उडतं, तो उलटा धबधबा बघायला गाड्यांची रांग लागते. आजूबाजूला पवनचक्क्या. त्या पठाराच्या कडेला, ओळखीच्या रानात आमचा तीस फुटी मास्ट. खालून फायबरवर आलेलं नेट रेडिओने वर चढवायचं आणि तिथून सात वाड्यांना वाटायचं, एवढाच कारभार. सगळ्यात लांबची वाडी खोऱ्यापलीकडे, ९ किलोमीटरवर.

फोटो बघून तुम्ही पहिला फोन केलात तो डिशवरून. "पाणी उलटं उडतं तिथे तू तीन फुटी भरीव डिश लावणार? मास्टला शीड बांधतोयस का?" यादीतली सगळ्यात महाग ओळ तिथेच गेली. जाळीची, कमी वारा धरणारी डिश आली आणि वाचलेल्या पैशातून तिसरी ताण वायर.

मग झाडं. फोटो एप्रिलचे होते. पलीकडच्या वाडीच्या पुढ्यात ऐन आणि सागाची रांग, एकाही झाडावर पान नाही, आरपार दिसत होतं. मी म्हटलं, लाइन ऑफ साइट चोख आहे, मधे काही आडवं नाही. तुम्ही म्हणालात, "डोळ्याला दिसतं ते रेडिओला पुरत नाही." आणि कागद घ्यायला लावलात. ५.८ गिगाहर्ट्झला ९ किलोमीटरच्या लिंकमध्ये मधोमध फ्रेस्नेल झोनची, म्हणजे सिग्नलला सरळ रेषेभोवती लागणाऱ्या मोकळ्या जागेची, त्रिज्या जवळजवळ ११ मीटर होते, वाडीच्या ४०० मीटर अलीकडे तीच साडेचार मीटर. त्यातला निदान साठ टक्के भाग मोकळा हवा. खोरं खोल असल्यामुळे मधला प्रश्नच नव्हता. अडचण नेमकी त्या रांगेपाशी, जिथे मी शेंड्यांच्या वर दोनच मीटर जागा सोडली होती. "आणि ही झाडं जुलैत बघ," हे तुमचं शेवटचं वाक्य.

ताई, आता कबूल करतो. मी ते ऐकून सोडून दिलं. मे महिन्यात आहे त्याच जागी लिंक उभी केली. तुमच्याच पद्धतीने हिशेब मांडला होता: ३६ डीबीएम बाहेर पडणार, वाटेत १२७ डेसिबल हरवणार, पलीकडची डिश ३० परत आणणार, म्हणजे उणे ६१ च्या आसपास. (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप; उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर.) आलं उणे ६२. मी पेढे वाटायचा बाकी होतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तोच आकडा उणे ७५ झाला आणि वाडीतल्या अंगणवाडीच्या ताईंपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांचे फोन सुरू झाले. मी पावसाला शिव्या घालत होतो. ५ गिगाहर्ट्झला पाऊस इतका खात नाही, तो खातो तो ओला पाला, हे तुम्ही समजावलंत. "मी सांगितलं होतं" असं मात्र एकदाही म्हणाला नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर नक्की म्हटलं असतं. भर पावसात चौघांनी मिळून पलीकडचा खांब देवळामागच्या उंचवट्यावर हलवला. आकडा उणे ६३ वर आला तो आजतागायत तिथेच आहे.

चॅनलचंही तसंच. मी डब्यावरची वेगाची मोठी संख्या बघून ८० मेगाहर्ट्झ रुंद चॅनल ठेवला होता. तुम्ही २० वर आणायला लावलात. रुंदी दुप्पट केली की ३ डेसिबल जास्त गोंगाट आत येतो, आणि २० चे ८० म्हणजे दोनदा दुप्पट, म्हणजे मी स्वतःच्या हाताने ६ डेसिबल घालवत होतो. शिवाय ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा विनापरवाना खुला झाल्यापासून प्रत्येक टेकडीवर कोणी ना कोणी बोलतोय. "गर्दीत मोठ्याने ओरडण्यापेक्षा जवळ जाऊन बोल," असं काहीसं म्हणाला होतात.

राउटरच्या वेळी तुम्ही जे दाखवलंत ते मी आता इतरांना दाखवून भाव खातो. लॅटव्हियाच्या मायक्रोटिकचे राउटर आपल्याकडच्या छोट्या नेटवाल्यांकडे सर्रास दिसतात. त्यांच्या संकेतस्थळावर बहुतेक राउटरखाली चाचणीचा तक्ता असतो. १५१८, ५१२ आणि ६४ बाइटच्या पॅकेटचे वेगळे रकाने. मी सगळ्यात वरचा, सगळ्यात मोठा आकडा बघून राउटर निवडला होता. तुम्ही ती फास्ट पाथची, म्हणजे राउटरला कुठलेच नियम न लावता मोजलेली, ओळ बोटाने झाकायला सांगितलीत. "तू प्रत्येक ग्राहकाला क्यू म्हणजे वेगाची मर्यादा लावणार, नॅट करून एका पत्त्यावर अनेकांना नेट देणार, फायरवॉल टाकणार. मग २५ क्यूवाली ओळ आणि ५१२ चा रकाना वाच." तो आकडा वरच्या आकड्याच्या जवळपासही नव्हता. तेव्हा राउटर एक पायरी मोठा घेतला. यादीतली वाढलेली ओळ ही एकच.

नाही, चुकलो. "इतर किरकोळ" पण वाढलं. तेच तर मुख्य.

केबलचं बंडल उघडून तुम्हाला व्हिडिओ कॉल केला होता तो दिवस मला चांगला आठवतो. तुम्ही म्हणालात, "एक कोर सोल. आता ब्लेडने वरचा रंग खरवड." तांबूस पापुद्रा निघाला आणि आत चांदीसारखी पांढरी तार. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. अख्खं ३०५ मीटरचं बंडल. दुकानदाराने "सगळे हेच वापरतात" म्हटलं, आणि त्यात तो खोटं बोलत नव्हता हीच अडचण. रेडिओला वीजही याच केबलमधून जाते; अशा तारेतून वर रेडिओपर्यंत पोचेतो व्होल्ट गळतात, वाऱ्याने हलून कोर तुटते, ते वेगळंच. बंडल परत केलं. शुद्ध तांब्याची, शील्ड असलेली, उन्हात न तडकणारी केबल घेतली. पैसे मोजताना हात थरथरला, खोटं कशाला बोलू.

अर्थिंगला तर सडा म्हणजे शिक्षाच. नावातच सडा आहे, खाली कातळ. अडीच मीटरचा रॉड हातभर गेला आणि थांबला. पहिल्या वर्षी तुमची ओळख व्हायच्या आधी एका वळवाच्या पावसात माझे चार रेडिओ एका झटक्यात गेले होते, कारण अर्थिंग म्हणजे मास्टच्या पायाला गुंडाळलेली एक तार. तुम्ही म्हणालात, "माती तुझ्याकडे येत नसेल तर तू मातीकडे जा." मग ४० मीटर जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी उतारावरून खाली शेताच्या बांधापर्यंत नेली, तिथे तीन खड्डे, मीठ-कोळसा, आणि प्रत्येक केबलला वर एक खाली एक सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत उतरवणारा डबा. खड्डे खणायला आलेल्या आबांनी विचारलं, "इंटरनेट जमिनीतून येतं व्हय?" गेल्या दोन मे महिन्यांत आमचं नुकसान म्हणजे एक पीओई अडॅप्टर (नेटच्या केबलमधून वीज सोडणारा) आणि स्विचचं एक पोर्ट.

इन्व्हर्टर तुम्ही ज्या एका वाक्यात उडवलात त्याला तोड नाही. "बॅटरीच्या २४ व्होल्टचे २३० करायचे आणि अडॅप्टरने परत २४ करायचे, मधला हमाल कशाला पोसतोस?" आता १५० एएचच्या दोन बॅटऱ्या सरळ २४ व्होल्टवर. वरचं सगळं सामान मिळून ४५ वॅट खातं. बॅटरी निम्मीच वापरायची ठरवली तरी ४० तास निघतात. आमच्याकडे पावसात लाइट जाते ती संध्याकाळी येईल या भरवशावर कोणी बसत नाही, त्यामुळे हे ४० तास म्हणजे काय ते खोऱ्यातल्यांना विचारा. आणि एका मास्टवर २४ आणि ४८ व्होल्टचे रेडिओ मिसळायचे नाहीत, हा तुमचा नियम मी बॅटरीच्या पेटीवर रंगाने लिहून ठेवलाय. रात्री टॉर्च तोंडात धरून प्लग बदलणाऱ्याला त्याची किंमत कळते.

रेडिओबद्दल मात्र तुम्ही फारसं बोललाच नाहीत. ईटीए (सरकारी मान्यता) असलेला घे, टीडीएमएवर, म्हणजे प्रत्येकाला आळीपाळीने बोलायची वेळ देणाऱ्या पद्धतीवर, चालणारा घे म्हणजे एकमेकांचं न ऐकू येणाऱ्या वाड्या एकाच वेळी बोलून गोंधळ घालणार नाहीत, आणि सगळीकडे एकच मॉडेल लाव म्हणजे कपाटातले दोन रेडिओ कुठेही चालतील. संपलं. ज्या सहा ओळींवर मी महिनाभर रात्री जागलो त्यांचा निकाल तुम्ही चहा संपायच्या आत लावलात.

आणखी एका ठिकाणी मी तुमचं ऐकलं नाही, तेही लिहितो. बाजारपेठेतली ३०० मीटरची लिंक मी ६० गिगाहर्ट्झवर टाकली. तुम्ही नको म्हणत होतात. त्या बँडला हवेतला ऑक्सिजनच किलोमीटरला १५ डेसिबल खातो आणि वर आमचा पाऊस. पण ३०० मीटरला ते सोसतं. दोन पावसाळे झाले, एकदा पाचेक मिनिटं पडली तेवढीच. तुम्ही "चालतंय तर चालू दे" म्हणालात. ते मी मान्यता म्हणूनच धरलंय.

आता आठवी वाडी मागे लागली आहे. यादी केली आहे, नऊच ओळी, केबल आणि अर्थिंग सगळ्यात वर. सोबत चारी दिशांचे फोटो आहेत, ऑगस्टमध्ये छत्री धरून काढलेले. एका कोपऱ्यात माझं बोट आलंय, ते झाड समजू नका.

आपला,
सड्यावरचा केबलवाला